हिवरे बाजारचं देणं

हिवरे बाजार बघायला आजवर हजारो माणसं येऊन गेली. डोंगरावर पाणी अडवलं कसं, झाडं जगवली कशी, दारू हटली कशी, हे समजून घ्यायला मंत्री आले, परदेशी अभ्यासक आले, लांबलांबच्या गावांचे सरपंच गाड्या करून आले. प्रत्येकाने तिथून काही ना काही नेलं असेल. मी त्या गावाचं देणं लागते ते माझ्या घरच्या जमाखर्चापायी. नगरला केडगावात आमचं तीन खोल्यांचं घर आहे. २०१२ साली ते हातचं जायची वेळ आली होती. ते राहिलं, आणि पुढच्या काही वर्षांत आम्ही कर्जातून मोकळे झालो. याचं श्रेय मी हिवरे बाजारला आणि तिथे नांदणाऱ्या माझ्या आत्याला देते. तिला स्वतःचं नाव छापलेलं आवडणार नाही, म्हणून इथे ती नुसती आत्या.

वडील आणि आत्या मूळचे पारनेर तालुक्यातले. आत्याला हिवरे बाजारला द्यायचं ठरलं तेव्हा घरात मोठा वाद झाला होता. ऐंशीच्या दशकात त्या गावात मुलगी द्यायला कुणी धजत नसे. एके काळी हे पैलवानांचं गाव होतं. १९७२च्या दुष्काळाने ते पार मोडलं. आमचा हा सगळा पट्टाच पर्जन्यछायेतला, वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस झाला तरी चांगलं वर्ष म्हणायचं. हिवऱ्याच्या डोंगरावर झाड उरलं नव्हतं, त्यामुळे पडेल तो पाऊस मातीसकट वाहून जायचा. उन्हाळा लागायच्या आत विहिरी तळाला जायच्या. घरटी माणसं नगरला, पुण्याला, मुंबईला मजुरीला निघायची. मागे राहिलेल्यांपैकी काहींनी हातभट्ट्या लावल्या. सरकारी नोकराची तिथे बदली झाली की लोक म्हणायचे, शिक्षा झाली.

आत्याने पहिली काही वर्षं वीटभट्टीवर काढली. दसरा झाला की भट्टीमालकाकडून उचल घ्यायची, त्यातून मागची उधारी भागवायची आणि उचल फिटेपर्यंत हंगामभर विटा पाडायच्या. हंगाम संपला की हाती उरायचं ते जेमतेम गावी परतण्याचं भाडं. खरिपाचं बी पुन्हा उधारीवर. आतोबांची मजुरी बरेचदा घरापर्यंत पोचतच नसे, वाटेत दारूची हातभट्टी होती. मी एकदा तिला विचारलं होतं, तेव्हा हिशोब ठेवायचीस का गं? ती म्हणाली, “कशाचा ठेवायचा? यायच्या आधीच सगळं गेलेलं असायचं.”

हे वाक्य मी पुढे अनेकांना सांगितलं. ज्याच्याकडे काही येतच नाही त्याला जमाखर्च ठेवायला सांगणं व्यर्थ आहे, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या एका उत्तराने शिकवलं.

१९८९ साली गावातल्या तरुणांनी आग्रह धरून पोपटराव पवारांना सरपंच केलं. ते एम.कॉम. झालेले, उत्तम क्रिकेट खेळणारे. घरच्यांची अपेक्षा, त्यांनी शहरात नोकरी धरावी. पुढचा इतिहास महाराष्ट्राला माहीत आहे. १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत आलं. श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि कुटुंब नियोजन ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. रोजगार हमीतून आणि श्रमदानातून डोंगरउतारावर हजारो समतल चर खोदले गेले, नालाबांध झाले, झाडं लागली. पवारांना २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा छापून आलं. त्याची उजळणी मी करत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की या पाच सूत्रांकडे स्वयंपाकघरातून पाहिलं तर काय दिसतं.

नशाबंदीचंच घ्या. गावात दारूचे बावीस अड्डे होते, ते बंद झाले. भट्टी लावणारी कुटुंबंही गावातलीच, त्यांना वाऱ्यावर सोडून भागणार नव्हतं. ग्रामसभेने बँक ऑफ महाराष्ट्राशी बोलून गरीब कुटुंबांना कर्ज मिळवून दिलं, त्यात या घरांचाही समावेश होता. आत्याच्या घरात त्याचा अर्थ असा झाला, की आतोबांची मजुरी आठवड्याच्या बाजाराआधी घरी येऊ लागली. आत्या म्हणते, पाण्याआधी तिला हे पाणी मिळालं. कुऱ्हाडबंदीने सरपण तुटलं, तेव्हा बायकांना त्रास झाला. तो झाला नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. मग गोबरगॅस आला आणि सरपणाची पायपीट थांबली. चराईबंदीने मोकाट जनावरं दावणीला आली. डोंगरावरचं गवत विळ्याने कापून, भाऱ्याने खाली आणायची मुभा राहिली. आत्याने त्या गवताच्या भरवशावर बँकेच्या कर्जातून एक संकरित गाय घेतली, दोन वर्षांनी दुसरी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावातून दिवसाला दीडशे लिटर दूध निघायचं, ते पुढे चार हजार लिटरवर गेलं. १९९५ला गावातली १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, तीनच वर्षांनी, १९९८च्या पाहणीत, ती ५३ राहिली. यातल्या एका कुटुंबाची कर्ती बाई मी जवळून पाहिली, म्हणून हे आकडे मला नुसते आकडे वाटत नाहीत.

आणखी एक नियम बाहेरच्यांच्या फारसा लक्षात येत नाही. गावची जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही, असं गावाने ठरवलं. नगरपासून अवघ्या सतरा-अठरा किलोमीटरवरचं गाव, जमिनीला केव्हाही गिऱ्हाईक मिळालं असतं. आत्याच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा भावकीतल्या कुणीतरी सुचवलंही होतं, की अर्धा एकर काढून टाका, लग्न दणक्यात करा. विकायची वाटच बंद होती. लग्न घरापुढे मांडव घालून झालं, गावजेवणाला आमटी-भात आणि बुंदी. नवरदेवाकडचेही समजूतदार निघाले. जावयाचं घर आज सुखात आहे आणि आत्याचा अर्धा एकर आत्याकडेच आहे, त्यात कांदा असतो.

आता आमच्याकडे येते.

माझे यजमान नगरच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात फिटर होते. घराचं कर्ज, मुलाच्या शिक्षणासाठी पतसंस्थेचं कर्ज, सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्या पाटल्या तारण ठेवून घेतलेले पैसे, आणि एका बँकेचं वैयक्तिक कर्ज, असा पसारा होता. पगार चालू होता तोवर हप्ते वेळेवर जात होते. २०१२मध्ये त्या कारखान्याला काम मिळेनासं झालं आणि दिवाळीच्या आधी तो बंद पडला. दोन महिन्यांचे पगार राहिले ते राहिलेच. किराणा दुकानात उधारी सुरू झाली. मग पतसंस्थेकडून वसुलीच्या कारवाईचं पत्र आलं. सहकार कायद्यातल्या कलम १०१ची ही भाषा नगर जिल्ह्यात बायकापोरांनाही कळते, कारण आमच्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आणि घरोघरी त्यांची कर्जं. असं पत्र कर्जदाराला येतं तसंच जामीनदारालाही जातं. आमचे जामीनदार होते शेजारचे गुरुजी, निवृत्तीला आलेले. यजमानांनी त्या दिवसापासून पुढच्या दाराने बाहेर पडायचं सोडलं.

ते वर्ष सगळ्या जिल्ह्यालाच कोरडं गेलं होतं. २०१२-१३चा दुष्काळ लोक अजून विसरलेले नाहीत. गावोगावी टँकर, जनावरांच्या छावण्या. मी आत्याकडे गेले ती थोडेफार पैसे मागायलाच. मनात धाकधूक होती, की दुष्काळात कुणाकडे मागायला जातोय. जखणगाव सोडून हिवऱ्याच्या रस्त्याला लागलं तसं दोन्ही बाजूंचं रान सुकलेलं दिसत होतं. गावात मात्र टँकर नव्हता. विहिरींना पाणी होतं, आणि शेतंही हिरवी होती, पण सगळी नाही. आत्याच्या वरच्या तुकड्यात दरवर्षी गहू असायचा. तो तुकडा नांगरून तसाच ठेवला होता.

मी विचारलं, “पाणी आहे ना विहिरीला, मग गहू का नाही केला?”

“ग्रामसभेत ठरलं,” ती म्हणाली. “औंदा गहू नाही, कांदा थोडका. जनावरापुरतं हिरवं, ज्वारी, बास.”

ती मला ग्रामपंचायतीपाशी घेऊन गेली. भिंतीवर फलक होता, पाण्याचा ताळेबंद. मी ऐकून होते, पण थांबून वाचला नव्हता. वर त्या वर्षी झालेला पाऊस. मग त्या पावसातून गावच्या शिवारात एकूण किती पाणी पडलं, त्याचा कोटी लिटरमधला आकडा. त्यातलं ऊन-वाऱ्याने उडून गेलं किती, वाहून गेलं किती, जमिनीत मुरलं किती, बंधाऱ्यांत साठलं किती. शेवटी हाती राहिलं किती. त्याखाली खर्चाची बाजू: आधी माणसांना लागणारं पाणी, मग जनावरांना, मग जे उरेल ते शेतीला, पीकवार. पावसाळा सरला की गावातल्या पर्जन्यमापकावरच्या नोंदी आणि ठरावीक विहिरींची पातळी बघून हा हिशोब होतो, ग्रामसभेत वाचला जातो आणि मगच रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. भूजल सर्वेक्षणवाल्यांनी पद्धत शिकवली, पण आता शाळेतली पोरंसुद्धा विहिरीत टेप सोडून पातळी मोजतात. ऊस आणि केळीला गावात मनाई आहे, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई आहे. कारण बोअरचं पाणी दिसत नाही. विहिरीचं दिसतं, मोजता येतं. न दिसणाऱ्या साठ्यातून उपसायला लागलं की हिशोबच राहत नाही.

हप्त्यांचं तेच असतं, असं तिथेच उभी असताना माझ्या मनात आलं. पुढच्या वर्षांचे पगार आम्ही खोलवरून उपसत होतो आणि खाली किती शिल्लक आहे ते कुणालाच दिसत नव्हतं.

घरी आल्यावर आत्याने कोनाड्यातून स्वतःची वही काढली. शाळेची शंभरपानी वही, पुठ्ठ्याला खाकी कागद, मध्ये दूध संकलन केंद्राचं कार्ड खुपसलेलं. कार्डावर रोजचं सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, दर. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो, तो त्याच दिवशी वहीच्या डाव्या पानावर ‘आलं’ म्हणून पडतो. उजव्या पानावर ‘गेलं’: पेंड, भुसा, डॉक्टर, किराणा, लाइटबिल, नातवाची फी, बचतगटाचा हप्ता. अक्षर शिकाऊ मुलासारखं, कारण ती लिहायला शिकली तीच बचतगटात आल्यावर. पण बेरजा बरोबर. मी दोन-तीन पानं तपासली, एका ठिकाणीही चूक नव्हती. कांद्याच्या पट्टीचे पैसे डाव्या पानावर कुठे दिसेनात, म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, “पट्टी अजून बाजारात आहे. हातात आल्यावर लिहीन. ढग दिसले म्हणून कुणी पेरतं का?”

पैसे तिने दिले नाहीत. देऊ शकली असती. तिने ज्वारीचं एक पोतं आणि अर्धं पोतं मूग-हरभरा काढून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून झाल्यावर माझ्याबरोबर एसटीत बसली.

केडगावला आल्यावर तिने यजमानांना समोर बसवलं. “जावईबापू, काय येतंय आन् काय जातंय ते सांगा. लाजू नका, मी भट्टीवर उचल खाल्लेली बाई आहे.” त्या वाक्याने यजमानांचा चेहरा सैल झाला, ते मला आजही दिसतं. आम्ही तिघांनी मिळून सगळी कर्जं एका कागदावर मांडली. यजमानांचं म्हणणं, ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते वैयक्तिक कर्ज आधी संपवायचं. गणिताने ते बरोबरच होतं आणि आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. आत्या ऐकेना. तिचं म्हणणं, जिथे दुसऱ्याचं नाव अडकलंय ते आधी. गुरुजींच्या पेन्शनीला धक्का लागला तर पुन्हा या गल्लीत कुणी कुणाला जामीन राहणार नाही. व्याजाचे चार पैसे जास्त जातील ते जाऊ द्या. यजमान थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, आत्या म्हणतात तसंच करू. संध्याकाळी ती आम्हाला दोघांना घेऊन गुरुजींकडे गेली. आम्ही काही बोलायच्या आधी तिनेच सांगितलं, की पोरं पळून जाणार नाहीत, दर महिन्याला काय भरलं त्याची पावती तुम्हाला आणून दाखवतील. गुरुजींच्या पत्नीने चहा ठेवला. पुढचा जवळजवळ सगळा काळ यजमान दर महिन्याला ती पावती घेऊन जात आणि चहा पिऊन येत. पतसंस्थेनेही हप्ते बांधून दिले. लोक घाबरून तोंड लपवतात म्हणून बोलणीच होत नाहीत. समोर जाऊन बसलं तर बहुतेक ठिकाणी वाट निघते, हा माझा अनुभव आहे.

मग खर्चाचं पान. माणसांचं पाणी पहिलं, या न्यायाने धान्य, दूध, सासऱ्यांची औषधं आणि मुलांची शाळा यांना हात लावायचा नाही असं ठरलं. मी घाईघाईने दूध अर्ध्यावर आणलं होतं. त्यावर आत्या चिडली, ती आयुष्यात माझ्यावर चिडलेली मला आठवते ती त्याच वेळी. “दुष्काळात पण आम्ही जनावराचं पाणी तोडत नाही, आन् तू पोरांचं दूध तोडतेस?” केबल गेली, दुसरा मोबाइल गेला, मोटरसायकल विकली. यजमान सायकलवर आले. नवीन कपडे वर्षभर नाहीत. जमिनीच्या त्या वरच्या तुकड्यासारखे हे खर्च आम्ही पडीक ठेवले. पाऊस झाला की पुन्हा पेरू, कायमची शपथ कशाचीच घातली नाही. मला वाटतं म्हणूनच ते पाळलं गेलं.

अवघड गेले ते लग्नाचे आहेर. त्या वर्षी दिरांच्या घरात दोन लग्नं होती. मानपान, साड्या, भांडी. कर्ज काढून लग्नकार्यं करू नका असं गाडगेबाबा कीर्तनातून लोकांना कळवळून सांगत फिरले, तरी आहेराची गोष्ट निघाली की आपल्या सगळ्यांची जीभ अडखळते. आम्ही दिरांना सरळ सांगितलं, की यंदा आहेर नाही, दोन्ही लग्नांच्या भाकरी मी करते. शे-दीडशे भाकरी एका वेळेला. जाऊबाई आधी फुरंगटल्या, पण पंगतीत भाकरीचं कौतुक झालं. पुढे त्या भाकरीनेच मला कामाची वाट दाखवली.

आत्याचं मुख्य म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणाली, काटकसरीने विहिरीचं पाणी पुरतं, वाढत नाही. वाढायला चर खोदावे लागतात. आमच्या घरात खोदायला काय होतं? तिच्या पोत्यातली ज्वारी होती आणि माझे हात होते. मी नगरमधल्या दोन खानावळींना भाकरी द्यायला लागले, पहाटे उठून. यजमानांनी आधीच्यापेक्षा कमी पगारावर एका गॅरेजमध्ये काम धरलं. माझ्या वहीत डाव्या पानावर पहिल्यांदा दोन ओळी पडल्या, एक त्यांची, एक माझी. तेव्हापासून त्या पानावर मी हात फिरवून मगच वही मिटते.

खर्च कमी करा, ऐपत बघून राहा, असं गरिबाला सांगणारे नेहमीच भेटतात. आपल्या भागात तर हा उपदेश फार जुना आहे. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांतली कर्जखतं ओढून जाळली. ते लोण आमच्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरलं. कुणबी लग्नांत उधळपट्टी करतो म्हणून बुडतो, असं तेव्हाही अनेक शहाणे म्हणत होते. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र नोंदवलं, की कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपल्यावर कोसळले होते, सारा मात्र वाढवून ठेवलेला होता, आणि बेभरवशाचा पाऊस तर कायमचाच. शेतकऱ्याच्या हाती येणारंच आटलं होतं. १८७९मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, पण कर्ज संपलं नाही, कारण पाणी तेवढंच राहिलं.

हिवरे बाजारने नेमकं उलट्या बाजूने काम केलं असं मला वाटतं. गावाने कुणाला घरोघर जाऊन काटकसर शिकवली नाही. आधी मजुरी गावात आणली, मग पाणी, मग गवत, मग दूध. आणि हे येऊ लागल्यावर ते मोजायची सवय लावली. विहिरी नव्वदच्या आसपास होत्या त्या तीनशेच्या जवळ गेल्या, तरी उपशावरचा लगाम सैल केला नाही. हा लगाम सगळ्यांना सारखा आहे, हे त्यातलं खरं मर्म. आत्याच्या वरच्या तुकड्यात गहू नव्हता, तसा तो शेजारच्या मोठ्या बागाईतदाराच्याही रानात नव्हता. म्हणून पडीक तुकड्याची तिला लाज वाटली नाही. आमच्या शहरात प्रत्येक घर एकेकटं तंगीत जातं. दाराला कडी लावून, शेजाऱ्याला कळू न देता. शेजारच्या घरी नवा टीव्ही येतो आणि आपल्या घरी हप्ता थकलेला असतो, आणि दोघांनाही एकमेकांचं खरं माहीत नसतं, कारण कदाचित त्याचाही टीव्ही हप्त्यावरच असतो. अशा एकटेपणात मन घट्ट करून खर्च आवरणं ज्यांना जमतं त्यांना मी मानते. पण बहुतेकांना ते जमत नाही, आणि तो त्यांच्या स्वभावाचा दोष नाही. आमच्या घरात ते जमलं, कारण आमचा ताळेबंद आम्ही भिंतीवर लावला. स्वयंपाकघरात, मुलांना वाचता येईल असा. धाकटा तेव्हा सहावीत होता. महिनाअखेरची बेरीज तोच करायचा. सहलीचे पैसे त्याने स्वतःहून मागितले नाहीत त्या महिन्यात मला फार वाईट वाटलं होतं. पण पुढच्या महिन्यात भाकरीचे पैसे जास्त आले, तेव्हा त्यानेच वहीत ‘सहल’ असा शब्द लिहून त्यापुढे आकडा टाकला, आणि तो मी मंजूर केला.

पतसंस्थेचं कर्ज आधी फिटलं. मग वैयक्तिक कर्ज, मग तारण सुटलं. पाटल्या घरी आल्या त्या दिवशी मी आत्याला फोन केला. ती गोठ्यात होती, म्हणाली, बरं झालं, आता ज्वारी न्यायला कधी येतेस? ज्वारीच्या पोत्याचे पैसे मी तिला बरेचदा देऊ केले. ती घेत नाही. म्हणते, डोंगरावरचं गवत गावाने मला दिलं तेव्हा मी कुणाला पैसे दिले होते?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण त्यावर एक गोष्ट मी करते. गेल्या काही वर्षांत आमच्या कॉलनीत तीन-चार घरांवर आमच्यासारखी वेळ आली. कुणाची नोकरी गेली, करोनाच्या काळात कुणाचं हॉटेल बंद पडलं. मी आणि यजमान त्यांच्याकडे जाऊन बसतो, वही घेऊन. दोघांना जमलं. एका घराला जमलं नाही, त्यांना घर विकावं लागलं. मात्र निदान जामीनदाराशी त्यांचे संबंध तुटले नाहीत.

तुमच्या ओळखीत कुणाचे हप्ते थकले असतील, कुणी रस्त्यात नजर चुकवायला लागलं असेल, तर त्याला काटकसरीचे चार शब्द ऐकवू नका. त्याच्या घरी जा, काय येतंय ते त्याच्याबरोबर बसून लिहा, जेवणखाण आणि औषधपाणी सुरक्षित करा, आणि जामीनदाराकडे तो जाईल तेव्हा त्याच्या सोबत जा.